बोरघाट ते बुलेट ट्रेन

आम्ही गोरेगावकर लोकलवर वाढलो. आता कानावर पडते ती ताशी ३२० किलोमीटरची भाषा. मुंबई ते अहमदाबाद, ५०८ किलोमीटर. एवढ्या वेगाला वळण सोसत नाही. वेग दुप्पट झाला की गाडीला बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. त्यातून वाटेत ठाण्याची खाडी. तिथल्या फ्लेमिंगोंना, खारफुटीला धक्का नको म्हणून खाडीखालून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा.

डोंगर-पाण्याशी रेल्वेचा हा झगडा जुनाच. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले, १८६३ मध्ये गाडी वर चढली. २५ बोगदे, ३७ फुटांमागे एक फूट चढ. एका ठिकाणी तर वळायलाही जागा नव्हती. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून गाडी उलट दिशेने काढत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. ही नावे इतिहासाने जपली. पटकीने आणि अपघातांत गेलेल्या हजारो मजुरांची मात्र नाहीत.

वाचलेली मिनिटे आपण मोजूच. पण नवा बोगदा खणणाऱ्यांची नावे तरी या वेळी लिहून ठेवायला हवीत.