ब्वेनोस आइरेसमधील परदेशीयांचे दैनंदिन जीवन : १८७१ ते १९१४

१८९५ सालच्या अर्जेंटिनाच्या खानेसुमारीत ब्वेनोस आइरेस या राजधानीची लोकसंख्या ६,६३,८५४ भरली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशांत जन्मलेले होते. केवळ प्रौढ पुरुषांचा विचार केल्यास हे प्रमाण याहूनही बरेच मोठे निघते. ज्या नगरात परदेशीय हाच बहुसंख्य, तेथे 'परदेशीय' या शब्दाला कोणता अर्थ उरतो? या प्रश्नाची चर्चा बहुधा गहू व मांस यांची निर्यात, इंग्रजी भांडवलावर उभारलेले लोहमार्ग आणि दरसाल बंदरात उतरलेल्या प्रवाशांचे आकडे यांच्या अनुषंगाने केली जाते. परंतु आकडे फार तर किती माणसे आली ते सांगतात. ती कोणत्या नात्याने तेथे राहिली हे कळण्यासाठी त्यांच्या खोल्या, त्यांची रुग्णालये आणि त्यांना द्यावे लागणारे भाडे यांच्याकडेच वळले पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता हा परदेशीय मोठा भाग्यवान होता. राज्य करणे म्हणजे देश वसविणे, हे आल्बेर्दी याचे १८५२ मधील सूत्र राज्यकर्त्यांनी शिरोधार्य मानले होते. १८५३ च्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने युरोपीय स्थलांतरास उत्तेजन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले, तर २० व्या कलमाने परदेशीयास नागरिकाचे सर्व दिवाणी हक्क दिले. व्यापार, उद्योग, स्थावर मालमत्ता, विवाह, स्वतःच्या धर्माचे आचरण, यांपैकी कशासाठीही त्याला नागरिक होण्याची आवश्यकता नव्हती. दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मिळत असे, पण ते स्वीकारण्याची सक्ती नव्हती. जगातील इतर देशांत जे नागरिकत्वामुळे मिळते, ते येथे केवळ गलबतातून उतरल्याने मिळत होते. राजकीय हक्क तेवढे वगळलेले होते, आणि प्रारंभीच्या काळात हे वगळणे कोणाच्या फारसे ध्यानातही आले नाही.

१८७६ च्या ८१७ क्रमांकाच्या कायद्याने नवागतास पाच दिवस मोफत निवास व भोजन देण्याची तरतूद केली. आज संग्रहालय म्हणून जतन केलेली 'होतेल दे इनमिग्रान्तेस' ही भव्य इमारत पाहून प्रत्येक स्थलांतरिताने तेथेच पहिली रात्र काढली असावी अशी समजूत होते. वस्तुतः ती १९११ मध्ये उघडली गेली, म्हणजे स्थलांतराची महान लाट ओसरण्यास अवघी तीन वर्षे उरली असताना. शिवाय पुष्कळांना तिची गरजही पडत नसे. चुलता, मेहुणा किंवा गावकरी आधीच येऊन राहिलेला असे. त्याचा पत्ता खिशात घेऊन माणूस गोदीतून थेट त्याच्या दारी जाई. गालिसियातील एखाद्या खेड्याचे लोक एकाच गल्लीत, पिएमाँतमधील दुसऱ्या खेड्याचे लोक दुसऱ्या गल्लीत, असा प्रकार त्यामुळेच घडला.

हे दार बहुधा 'कोनवेन्तिज्यो'चे असे. शब्दाचा मूळ अर्थ लहानसा मठ. वस्तू मात्र आपल्याकडील चाळीशी बरीच जुळणारी. १८७१ मध्ये शहरात पीतज्वराची भयंकर साथ आली व सुमारे १४,००० माणसे मृत्युमुखी पडली. सान तेल्मो आदी दक्षिणेकडील भागांत वाडे बांधून राहिलेली धनिक कुटुंबे त्यानंतर उत्तरेकडे सरकली आणि मागे उरलेल्या वाड्यांचा एकेक दालनागणिक भाड्याने विनियोग होऊ लागला. हा धंदा इतका किफायतशीर ठरला की पुढे मुद्दाम तशाच इमारती उठविण्यात आल्या : लांबट चौक, त्याच्या दोन्ही अंगांस खोल्यांच्या ओळी, वर लोखंडी कठड्याची गॅलरी, आणि टोकाला सर्वांना मिळून मोजके नळ व शौचकूप. खोली सुमारे चार मीटर लांब व तितकीच रुंद. खिडकी बहुधा नाहीच, उजेड दारातून येईल तेवढा. तिच्यात एक कुटुंब, किंवा चार-सहा एकटे पुरुष. स्वयंपाक दाराबाहेर शेगडीवर. याच चौकात बायका परक्यांचे कपडे धूत, शिंपी शिवणयंत्र चालवी, मुले खेळत, आणि इमारतीचा मुकादम प्रत्येकाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवी. १८८७ च्या नगर खानेसुमारीत शहरातील सुमारे चौथा हिस्सा लोक अशा इमारतींत राहत असल्याचे आढळले. १९०४ पर्यंत शहर दुपटीहून मोठे झाले होते; तेव्हाही सुमारे अडीच हजार कोनवेन्तिज्योंत १,३८,००० च्या घरात लोकवस्ती होती.

या जीवनाविषयी दोन प्रकारची साधने मुबलक आहेत, आणि दोन्ही सावधपणे वापरली पाहिजेत. एक, आरोग्यतज्ज्ञांचे अहवाल. त्यांत गियेर्मो रॉसन या वैद्याने १८८० नंतरच्या दशकात केलेला भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रमुख होय. रॉसनला दमट भिंती व कोंदट हवा दिसली आणि ती खरीच होती. पण या खोल्यांतील रोग शेजारच्या श्रीमंतांच्या घरांत शिरेल ही भीतीही त्याच्या लेखनात स्पष्ट आहे. दुसरे साधन 'साइनेते' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्याफुलक्या नाट्यप्रवेशांचे. त्यांत चौक हे रंगस्थान, तेथील इटालियन, गालिसियन, 'तुर्क' ही ठरीव पात्रे आणि शेवट बहुधा समेटाचा. या प्रकारातील सर्वांत गाजलेली कृती, आल्बेर्तो वाकारेसा याची 'एल कोनवेन्तिज्यो दे ला पालोमा', १९२९ ची आहे, म्हणजे या जीवनाचा भर ओसरल्यानंतरची. वैद्याने येथे केवळ रोग पाहिला, नाटककाराने केवळ गंमत. भाडेकरूचे स्वतःचे म्हणणे या दोहोंतही क्वचितच ऐकू येते.

नाट्यकृतींतून एक गोष्ट मात्र विश्वासाने घेता येते, ती म्हणजे बोली. नव्याने आलेला इटालियन जी अर्धी स्वतःची व अर्धी स्पॅनिश भाषा बोले, तिला 'कोकोलिचे' हे नाव पोदेस्ता बंधूंच्या सर्कशीतील एका विनोदी पात्रावरून पडले. इटालियन म्हणजे 'तानो', स्पेनचा कोणीही असो तो 'गाय्येगो', रशियन साम्राज्यातून आलेला यहुदी हा 'रूसो', आणि सिरिया-लेबनॉनचा अरब, उस्मानी पारपत्रावर आला म्हणून, 'तुर्को'. ज्या सत्तेला कंटाळून माणूस बाहेर पडला तिचेच नाव त्याच्या माथी मारले गेले, हा या नामकरणातील विशेष. धंदेही वाटले गेले होते. बास्क दूधवाला, गालिसियन दुकानातील नोकर वा पहारेकरी, इटालियन गवंडी वा चांभार, अरब फेरीवाला, ही चित्रे ठरीव असली तरी निराधार नव्हती. रेल्वेतील इंग्रज अधिकाऱ्याचे जग यांहून अगदी निराळे. त्याचे रुग्णालय १८४४ पासूनचे, 'द स्टँडर्ड' हे दैनिक १८६१ पासूनचे. त्याला कोनवेन्तिज्यो ठाऊक असलाच तर ऐकून.

शासनाने माणसे बोलाविली, परंतु ती आजारी पडली, बेकार झाली किंवा मेली तर पुढे काय, याचा विचार त्यांच्यावरच सोपविला. ही उणीव परस्परसाहाय्यक मंडळांनी भरून काढली. 'उनिओने ए बेनेवोलेन्झा' हे इटालियन मंडळ १८५८ मध्ये निघाले. दरमहा ठराविक वर्गणी भरणाऱ्या सभासदास वैद्य, औषध, आजारपणातील भत्ता आणि अखेरीस दफनाचा खर्च मिळे. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, प्रत्येक समाजाचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. बहुतेकांची वृत्तपत्रेही होती. अर्जेंटिनाच्या सरकारची गाठ न पडताही मनुष्याचे बहुतेक आयुष्य सुखेनैव पार पडू शके. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा : १८८४ च्या १४२० क्रमांकाच्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे व धर्मनिरपेक्ष केले, आणि तेथे मुलाला स्पॅनिश भाषा व अर्जेंटिनाचा इतिहास शिकावा लागे.

१९१४ च्या खानेसुमारीत देशातील परदेशीयांपैकी नागरिकत्व स्वीकारलेल्यांचे प्रमाण शेकडा दोनही भरले नाही. यावरून ते कृतघ्न होते, केवळ पैसा मिळविण्यास आले होते, असा आरोप त्या काळी वारंवार झाला, आणि काही इतिहासकारांनीही तो जसाच्या तसा उचलला. 'गोलोन्द्रिना', म्हणजे पाकोळ्या, या नावाच्या हंगामी मजुरांकडे बोट दाखवून तो सिद्ध करण्यात येई. इटलीतील सुगी आटोपून ते येत आणि अर्जेंटिनातील सुगी आटोपली की परतत. हा आरोप टिकण्यासारखा नाही. नागरिकत्वाने दिवाणी हक्कांत तर काहीच भर पडत नव्हती. ज्याच्यासाठी ते घ्यावयाचे ते मत १९१२ पूर्वी बहुधा उघडपणे, मतदानकेंद्रावरील गुंडांच्या समक्ष द्यावे लागे आणि निकाल आधीच ठरलेला असे. उलट, नागरिक झाल्याने मायदेशाच्या राजदूताचे संरक्षण व आपल्या समाजातील पत या गोष्टी जाण्याची भीती होती. या हिशेबात कृतघ्नतेपेक्षा व्यवहारच अधिक दिसतो.

तथापि या व्यवहाराला एक किंमत होती आणि ती १९०२ पासून स्पष्ट दिसू लागली. त्या वर्षीच्या मोठ्या संपाच्या धामधुमीत, मिगेल काने याने १८९९ मध्येच सुचविलेला निवासविषयक कायदा, क्रमांक ४१४४, घाईने मंजूर झाला. राष्ट्राच्या सुरक्षिततेस किंवा सार्वजनिक शांततेस बाधा आणणाऱ्या परदेशीयास न्यायालयापुढे उभे न करता देशाबाहेर घालविण्याचा अधिकार त्याने शासनास दिला. ज्याला राज्यघटनेने नागरिकाच्या बरोबरीचा मानले, तो आता पोलिसांच्या एका अहवालाने तीन दिवसांत गलबतावर चढविला जाऊ शकत होता.

या कायद्याची झळ खुद्द चौकापर्यंत पोहोचली ती १९०७ मध्ये. पुढील वर्षासाठी करवाढ होताच घरमालकांनी भाडी वाढविली. खोलीच्या भाड्यात अगोदरच मजुराच्या मिळकतीचा मोठा हिस्सा जात असे. ऑगस्टच्या अखेरीस इतुसाइन्गो रस्त्यावरील 'चार गोद्या' या नावाच्या कोनवेन्तिज्योने भाडे देण्याचे नाकारले, आणि काही आठवड्यांत सुमारे दोन हजार इमारती व एक लाखाहून अधिक माणसे या भाडेबंदीत सामील झाली. मागण्या साध्या होत्या : भाड्यात शेकडा ३० कपात, तीन महिन्यांची अनामत रद्द, स्वच्छतेची सोय, आणि संपात भाग घेतल्याबद्दल कोणाला घराबाहेर काढू नये. पुरुष दिवसभर कामावर असत. त्यामुळे जप्ती घेऊन येणाऱ्या कारकुनांना तोंड देण्याचे काम स्त्रियांकडे आले. 'मालकांना झाडून काढू' म्हणत बायकामुलांनी झाडू घेऊन काढलेल्या मिरवणुका याच वेळच्या. पोलीसप्रमुख रामोन फाल्कोन याने अग्निशामक दलाचे थंड पाण्याचे फवारे वापरून खोल्या रिकाम्या करविल्या. ऑक्टोबरमध्ये मिगेल पेपे हा कोवळा तरुण गोळीस बळी पडला. पाठोपाठ हद्दपारी सुरू झाली. माद्रिदमध्ये जन्मलेली, विशीही न गाठलेली अराज्यवादी कार्यकर्ती हुआना रोउको बुएला ही हद्दपार होऊन स्पेनला गेली.

काही मालकांनी भाडी उतरविली. बहुतेक ठिकाणी ती लवकरच पुन्हा चढली. एवढ्यावरून हा लढा निष्फळ म्हणणे घाईचे होईल. निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या, निरनिराळ्या रुग्णालयांत जाणाऱ्या या माणसांनी एकत्र येऊन केलेली ही पहिलीच मोठी कृती, आणि तिचे कारण भाषा, धर्म वा मायदेश यांपैकी कोणतेही नसून एकाच चौकाचे भाडे हे होते. त्यांना समान करणारी गोष्ट म्हणजे घरमालक.

यानंतरचा बदल निराळ्या वाटेने आला. १८९७ पासून ट्रामगाड्या विजेवर चालू लागल्या व भाडे स्वस्त झाले. दूरच्या उपनगरांतील जमिनीचे तुकडे मासिक हप्त्यांवर विकले जाऊ लागले; तेथे मजूर रविवारी स्वतःच्या हाताने एकेक खोली बांधीत. १९१४ मध्ये शहराची वस्ती पंधरा लक्षांवर गेली आणि तिच्यातील परदेशीयांचा वाटा जवळजवळ निम्माच राहिला. कोनवेन्तिज्योत राहणाऱ्यांचे प्रमाण मात्र घटत चालले होते. भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूल कायद्याने अर्जेंटिनाचे नागरिक होते. १९१२ च्या साएन्स पेन्या कायद्याने मतदान गुप्त व सक्तीचे केल्यावर पुत्र मत देऊ लागला आणि पिता घरी राहू लागला. १९२१ मध्ये काँग्रेसने भाडेवाढीस आळा घालणारा कायदा केला, तेव्हा तिच्या मतदारांत १९०७ साली चौकात झाडू घेऊन मिरवणाऱ्या मुलांचा समावेश होता. ४१४४ क्रमांकाचा कायदा मात्र १९५८ पर्यंत रद्द झाला नाही.