‘बॉयकॉट’ आणि आपला बहिष्कार

‘बॉयकॉट’ हा शब्द आपल्या पत्रकांतून आणि सभांतून नेहमी येतो. तो मुळात एका माणसाचे आडनाव होते. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात शेकडा पंचवीस सूट मागितली. ती नाकारली गेली आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकण्याच्या नोटिसा बजावण्यास सुरुवात केली.

त्याच सप्टेंबरात पार्नेल या पुढाऱ्याने एनिस येथील सभेत सांगितले होते की, हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला कुष्ठरोग्यासारखे एकटे पाडा. मेयोच्या लोकांनी हेच शस्त्र कारभाऱ्यावर चालवले. मजूर काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. अखेर बाहेरून पन्नास स्वयंसेवक आणून सैनिक व पोलिसांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पहाऱ्यावर झाला. नोव्हेंबरअखेर बॉयकॉट तिथून निघून गेला. नाव मात्र क्रियापद होऊन उरले.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत या शब्दाला आपण ‘बहिष्कार’ म्हणतो. परंतु आपल्या समाजाला बहिष्कार समजावून देण्यासाठी बॉयकॉटची गरज नव्हती. पार्नेलने जी वागणूक शिक्षा म्हणून सुचवली, ती इथे जन्मानेच वाट्याला येत होती. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले.

आणि ज्याने हक्क मागितला त्याच्यावर दुसरा बहिष्कार. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सभासद होते, १९३० च्या अहवालात हे नोंदवले आहे. जमीन काढून घेणे, मजुरी बंद करणे, बलुते थांबवणे, वाटा अडवणे, वाण्याने माल न देणे. यांतील मजुरी आणि दुकान मेयोतही बंद झाले होते. मग फरक कोणता? तिथे भूमिहीनांनी जमीनदाराच्या माणसाला कोंडले. इथे जमीनवाले भूमिहीनांना कोंडतात. बॉयकॉटपाशी निघून जाण्यापुरते पैसे होते आणि रक्षणाला सरकार होते. महारवाड्याने, मांगवाड्याने जायचे कुठे?

हा फरक ओळखूनच बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे, ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधाराने, बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्काराचे स्वतंत्र कलम आले ते २०१५ च्या दुरुस्तीने. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला तो २०१६ मध्ये.

तेव्हा उद्या एखाद्या गावात ‘दोन्ही बाजूंनी बहिष्कार घातला आहे’ असे कोणी सांगू लागला, तर कार्यकर्त्याने एवढेच विचारावे: सातबारा कोणाच्या नावावर आहे, आणि उद्याची चूल कोणाची विझणार आहे?