भंगारातल्या हार्ड डिस्कचा चुंबक: कामाचा खरा, पण मुलांच्या हाती देऊ नका

पुणे : मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क आणि फाटके स्पीकर अशा बाजारात स्वस्तात मिळतात. हार्ड डिस्क उघडली की आत लोखंडी पट्टीला चिकटलेले चकचकीत चुंबक सापडतात. निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचा हा चुंबक 1980च्या दशकात जपान आणि अमेरिकेत तयार झाला. स्पीकरमागची काळी चकती फेराइटची. तिची ओढ कमी, पण ती गंजत नाही आणि उष्णता जास्त सोसते.

गॅरेजात याचा उपयोग लगेच कळतो. सांडलेले नट-बोल्ट गोळा करायचे तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. नंतर पिशवी उलटी केली की बोल्ट अन् लोखंडाचा कीस वेगळा होतो. नाहीतर कीस चुंबकाला असा धरतो की पुसता पुसत नाही. विहिरीत पडलेला पान्हा दोरीला चुंबक बांधून काढता येतो. पितळी कळशीला मात्र जुना गळच हवा. स्टीलची भांडी चिकटली नाहीत म्हणून अस्सल, हाही अर्धवट समज: निकेल कमी असलेलं हलकं स्टीलही बहुधा चिकटत नाही. मोटारीचं वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे तर चुंबकाला कळतच नाही.

साधा निओडायमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या वर तापला की कायमचा कमजोर होऊ शकतो. म्हणून सायलेन्सरवर, इंजिनवर लावू नका. त्याला ड्रिलने भोक पाडू नका. तो काचेसारखा फुटतो आणि त्याची पूड पेट घेते.

गोठ्यात प्रश्न वेगळा. चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळा जनावराच्या जाळीपोटात अडकतो. त्याच्या पुढेच, पडद्यापलीकडे, हृदय असतं. तार तिथवर घुसली तर जनावर दगावतं. त्यासाठी पशुवैद्यक बोटाएवढा गुळगुळीत चुंबक पोटात सोडतात. तो तिथेच राहून लोखंड धरून ठेवतो. हार्ड डिस्कचा धारदार तुकडा त्या जागी चालत नाही. चारा कापण्याआधी त्यावरून चुंबक फिरवणं मात्र कुणालाही जमेल.

वीज मीटरला चुंबक लावून बिल कमी करण्याचा सल्ला देणारे भेटतात. 2003च्या वीज कायद्याच्या कलम 135 नुसार ही चोरीच आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.

पेसमेकर बसवलेल्या माणसाने असा चुंबक शर्टाच्या खिशात ठेवू नये, किमान वीतभर लांब ठेवावा. सर्वांत मोठा धोका लहान मुलांना. एका चुंबकापाठोपाठ दुसरा गिळला तर दोन्ही आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मधलं आतडं चिमटून त्याला भोक पडतं. सुरुवातीला मूल खेळतं-बागडतंही, त्यामुळे घरच्यांना काही वाटत नाही. शौचावाटे पडेल म्हणून थांबू नका, उलटी काढू नका, केळं खायला घालू नका. एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या आणि 'चुंबक गिळलाय' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.