पालेभाजींतलें जीवनसत्त्व आणि कर्करोग

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकाजवळील एका औषधांच्या दुकानांत मागें एका वृद्ध गृहस्थांची भेट झाली. पिशवींत मेथीची जुडी होती आणि हातांत गरोदर सुनेसाठीं घेतलेल्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या. "माझ्या मोठ्या आंतड्यांतली एक लहानशी गांठ डॉक्टरांनीं काढली आहे. याच गोळ्या मींही घेतल्या तर कर्करोग टळेल ना?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न साधा, परंतु त्याचें उत्तर शोधावयाचें तर आधीं मुंबईस जावें लागतें.

१९२८ सालीं डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणी कामगारांच्या वस्तींतील गरोदर स्त्रियांना एक घातक पंडुरोग जडत असे. त्याचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. विल्सबाईंनीं या स्त्रियांच्या पानांत काय पडतें तें पाहिलें, आणि दोष जंतूंत नसून आहारांत आहे असा त्यांचा कयास झाला. यकृताचा शुद्ध केलेला अर्क या रोगावर चालेना. पण यीस्टपासून केलेलें मार्माइट नांवाचें स्वस्त, खारट लेह्य दिलें कीं रोगी उठून बसे. भाजीभाकरीवर वाढलेल्या त्या बायांना तें काळें औषध कसें लागलें असेल, हा प्रश्न मला नेहमीं पडतो! १९३१ सालीं त्यांनीं हें संशोधन प्रसिद्ध केलें.

मार्माइटमधील तें गुणकारी द्रव्य कोणतें, हें कळण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. १९४१ सालीं अमेरिकेंत सुमारें चार टन पालकाच्या पाल्यांतून तें वेगळें काढण्यांत आलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. तें कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या अमेरिकेंतील मंडळींचे प्रमुख आंध्रांतील भीमवरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव होते.

आतां, श्रोतेहो, कथेला अनपेक्षित वळण लागतें. बॉस्टन येथें डॉ. सिडनी फार्बर हे रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेल्या मुलांवर उपचार करीत होते. जें द्रव्य पंडुरोग हटवितें तें या मुलांनाही उपकारक होईल, या आशेनें त्यांनीं त्याचे प्रकार देऊन पाहिले. घडलें उलटेंच; रोग अधिकच वेगानें वाढतो असें त्यांस दिसलें. कारण असें कीं, पेशी दुभंगून नवी पेशी व्हावयाची तर हें जीवनसत्त्व लागतें, मग ती पेशी गर्भाची असो, रक्ताची असो वा कर्करोगाची. तेव्हां फार्बर यांनीं सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेंतून त्याच्यासारखेंच दिसणारें, पण त्याचें कार्य अडविणारें अमिनोप्टेरिन मागविलें. १९४८ सालीं त्यांनीं १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांपैकीं १० जणांत सुधारणा झाली होती. ती टिकली नाहीं हें खरें. परंतु औषधानें हा रोग मागें हटूं शकतो, हें प्रथमच दिसलें. त्याचाच भाऊ मेथोट्रेक्सेट आजही या रोगावर वापरला जातो.

आपल्या गृहस्थांच्या अवस्थेशीं मात्र अधिक जवळचा प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. आंतड्यांतील गांठी काढलेल्या १,०२१ स्त्रीपुरुषांपैकीं कांहींना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, तर कांहींना नुसतीच गोळी दिली. गांठी पुन्हां होण्याचें टळलें नाहीं. उलट औषध घेणाऱ्यांत तीन किंवा अधिक गांठी झालेले लोक अधिक निघाले. पुढें २०१३ सालीं अनेक प्रयोगांतील सुमारें ५०,००० माणसांची माहिती एकत्र केली असतां, कर्करोगाचें प्रमाण लक्षांत येण्याजोगें वाढलें नाहीं आणि घटलेंही नाहीं. म्हणजे घाबरण्याचें कारण नाहीं, पण आशेलाही आधार नाहीं.

सुनेची गोष्ट अगदीं निराळी. तिच्या उदरांत नव्या पेशी क्षणोक्षणीं घडत आहेत आणि गर्भाच्या पाठीचा कणा नीट जुळण्यास हें द्रव्य हवेंच. गरोदरपणीं लोहाबरोबर फॉलिक आम्ल देण्याची योजना आपल्या सरकारनें १९७० पासून चालविली आहे. तेव्हां मीं त्या गृहस्थांना सांगितलें कीं, गोळ्या सूनबाईंना द्या. तुमच्या गांठीची तपासणी डॉक्टर सांगतील त्या वेळीं करून घ्या. मेथीची जुडी दोघांनीं वांटून खाण्यास माझी हरकत नव्हती.