माँटगोमेरीच्या परसातील शस्त्रक्रिया

अडलेल्या बाळंतिणीच्या वाट्याला येणारी एक दारुण व्याधी फार पुरातन आहे. इजिप्तमध्ये देर अल्-बहारी येथे सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या हेनहेनित या राजस्त्रीच्या ममीची डेरी या शरीरशास्त्रज्ञाने तपासणी केली, तेव्हा तिच्या मूत्राशयापासून योनिमार्गात उघडणारे मोठे छिद्र त्याला आढळले. १९३५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. अर्भकाचे मस्तक दोन-दोन, तीन-तीन दिवस कटिरात अडकून राहिले, म्हणजे मस्तक आणि हाड यांच्यामध्ये चेंगरलेल्या मऊ भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग काही दिवसांनी कुजून गळून पडतो, आणि मग मूत्र अहोरात्र ठिबकत राहते. मूल बहुधा मृतच जन्मते. आई जगते, परंतु सदैव ओली वस्त्रे, सोलवटलेल्या मांड्या आणि अंगाची दुर्गंधी यांमुळे ती घरात असून घराबाहेर टाकल्यासारखी होते. या व्याधीला डॉक्टर फिस्टुला म्हणतात.

अ‍ॅमस्टरडॅमच्या हेन्ड्रिक व्हान रूनहाउझे याने १६६३ साली तिच्यावरील शस्त्रक्रियेची रीत लिहून ठेवली होती, आणि व्हर्जिनियातील मेटॉअर या शल्यवैद्याने १८३८ साली शिशाच्या तारेने असे एक छिद्र बुजविलेही होते; तथापि हमखास उपयोगी पडेल अशी पद्धती सिद्ध झाली ती अमेरिकेतील अलाबामा प्रांतात, माँटगोमेरी शहरात, १८४५ ते १८४९ या अवधीत, जेम्स मॅरियन सिम्स या तरुण डॉक्टराच्या परसातील लहानशा रुग्णालयात. तेथे आणलेल्या स्त्रिया आसपासच्या मळ्यांवरील गुलाम होत्या, आणि त्यांपैकी तिघींची नावे त्याने स्वतःच लिहून ठेवली आहेत: अनार्का, लूसी आणि बेट्सी. कपडे आणि कर यांचा खर्च मालकांनी सोसावा आणि पोटापाण्याचा डॉक्टराने, असा करार होता. म्हणजे ज्यांच्या देहावर शस्त्र चालावयाचे, त्या वगळता बाकी सर्वांची संमती रीतसर घेतलेली होती. त्या स्वतःच शस्त्रक्रियेला उत्सुक होत्या, असे सिम्सने पुढे नमूद केले. पण कायद्याने ज्यांची गणना मालमत्तेत होई, त्यांना नकाराचा हक्कच कोठे होता? त्यांची स्वतःची जबानी कोणत्याही दप्तरात नाही.

पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली. अठरा वर्षांची ती मुलगी, जमलेल्या डझनभर डॉक्टरांसमोर, कोणत्याही भुलीवाचून, सुमारे तासभर गुडघे आणि कोपरांवर ओणवी राहिली. मूत्राचा निचरा व्हावा म्हणून आत ठेवलेला स्पंजाचा तुकडा क्षारांनी दगडासारखा कठीण झाला, तो ओढून काढताना तिला मरणप्राय यातना झाल्या, आणि तिला बरे व्हावयास दोन-तीन महिने लागले. पुढे ईथरची भूल १८४६ साली बोस्टनमध्ये जाहीरपणे सिद्ध झाली, तरीही या खोलीत ती आली नाही. अपयशामागून अपयश येऊ लागले तशी साहाय्यक डॉक्टरांनी पाठ फिरविली. तेव्हा त्या गुलाम स्त्रियांनीच एकमेकींना धरून ठेवण्याचे आणि शुश्रूषेचे काम शिकून घेतले, आणि शास्त्राच्या इतिहासात ज्यांची गणना केवळ रुग्ण म्हणून होते त्या वस्तुतः त्या रुग्णालयाच्या परिचारिका ठरल्या.

रेशमी टाक्यांनी जखम चिघळे, म्हणून सिम्सने एका सोनाराकडून चांदीची बारीक तार ओढवून घेतली, टाक्यांची टोके शिशाच्या छिद्रयुक्त छर्‍यांनी दाबून पक्की केली, आणि १८४९ च्या जून महिन्यात अनार्काच्या तिसाव्या शस्त्रक्रियेत यश मिळविले. १८५२ साली ही रीत प्रसिद्ध झाली, १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे रुग्णालय उघडले, आणि सिम्सची कीर्ती युरोपपर्यंत गेली. वाकविलेल्या चमच्यावरून सुचलेले त्याचे स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून पाहण्याचे उपकरण, आजही महाराष्ट्रातील प्रसूतिगृहांत रोज हाताळले जाते. १८९४ साली उभारलेला त्याचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून हलविण्यात आला, आणि २०२१ साली माँटगोमेरीत त्या तिघींचे शिल्प उभे राहिले.

सिम्सचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही, आणि त्या पद्धतीने पुढे असंख्य स्त्रियांचे संसार सावरले हेही खरे. परंतु ज्या विद्येची किंमत एकाने कीर्तीच्या रूपाने वसूल केली आणि तिघींनी देहाने चुकविली, तिच्या श्रेयाची नोंद एकाच नावावर ठेवणे हा सरळ अन्याय आहे. ही व्याधी अजून संपलेली नाही: जेथे अडलेल्या बाईला वेळेवर शस्त्रक्रियेची प्रसूती मिळत नाही, त्या आफ्रिकेच्या व आशियाच्या दूरस्थ खेड्यांत ती आजही आढळते, आणि ती टाळण्याचा उपाय ठाऊक असताना ती शिल्लक राहावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ज्या तासाला सिम्सचे नाव शिकविले जाते, त्याच तासाला अनार्का, लूसी आणि बेट्सी यांचीही नावे शिकविली जावीत.