वारा हवा, डोळा नको

भिंतीतल्या उघड्या जागेला आपल्या भाषेत जी नावे आहेत, त्यांतील तीन न्हाणीघराच्या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. आणि रोजच्या बोलण्यातली खिडकी; जुन्या वापरात हा शब्द छोट्या दारालाही लागत असे. न्हाणीघराला यांपैकी पहिलेच तेवढे हवे असते. वारा यावा, पण डोळा येऊ नये, आणि दार तर नकोच. या खिडकीचा सारा इतिहास वारा व डोळा यांना एकमेकांपासून वेगळे काढण्याचा आहे, असे आम्हांस वाटते.

विट्याचे उदाहरण घेऊ. पूर्वी सातारा जिल्ह्यात असलेले हे गाव १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. गावाचे नाव विटा, पण जुनी घरे मात्र दगड-मातीची! (या विनोदाला आमचे विद्यार्थी हसत नाहीत.) भिंती हात-दीड हात जाडीच्या, चोराच्या भयाने बाहेरच्या अंगाला खिडकी क्वचितच. उजेड यायचा तो धाब्यातल्या साण्यातून. न्हाणी ही खोली नव्हतीच, ती एक जागा होती: परसातली दगडी फरशी, शेजारी पाणी तापवण्याची चूल, भोवती तट्ट्या किंवा जुने लुगडे, वर मोकळे आकाश. तिथे वाऱ्याची वाण नव्हती. प्रश्न डोळ्याचा होता, आणि त्याची किंमत घरातल्या बाईने झोप मोडून चुकवली. तांबडे फुटण्याआधी तिची अंघोळ उरकलेली असे.

घराला उजेड व वारा असलाच पाहिजे, ही सक्ती प्रथम ठळकपणे आली ती प्लेगबरोबर. १८९६ साली मुंबईत साथ सुरू झाली, तेव्हा अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले उतरवण्यात आली. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला, १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. साताऱ्यालाही साथीने सोडले नाही. पुण्यात मात्र वाऱ्याच्या मागोमाग सरकारचा डोळाही माजघरात शिरला. झडतीच्या जाचाचा संताप इतका साचला, की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आरोग्य आणि आब यांचा हा झगडा आजही न्हाणीघराच्या भिंतीत चालू असतो. फक्त त्याला आवाज नसतो.

पुढे विट्याच्या परिसरातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरले. परगावच्या कमाईतून गावाकडे सिमेंटची घरे उठली आणि न्हाणी परसातून घरात आली. आकाश गेले, वाफ कोंडली, भिंतींना ओल आली. मग खिडकी हवीच झाली.

जुन्या भिंतीत ती नव्याने काढायची तर आधी घाव कुठे घालावा हे ठरवावे लागते. कोपऱ्याजवळ भोक पाडू नये. दगड-मातीची भिंत किती सहज ढासळते, हे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने दाखवले आहे. आधी वरचे लिंटेल बसवावे, तेही भिंतीची अर्धी जाडी एका वेळी कोरून, दोन्ही टोके भिंतीवर पुरेशी टेकतील असे. खालचे दगड त्यानंतर काढावेत. चौकट लाकडी असेल तर वाफेने फुगते, म्हणून हल्ली दगडी पट्ट्यांची बसवतात. तळाच्या पट्टीला बाहेर उतार द्यावा. मोकळी जागा निदान ०.३७ चौरस मीटर असावी, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे.

उंचीचा प्रश्न मात्र संहितेवर सोडू नये. गवंडी बहुधा स्वतःच्या डोळ्याची पातळी धरतो आणि घरमालक मान हलवतो. आमच्या मते समोरच्या गच्चीवर कुणाला तरी उभे करावे, घरातल्या बाईने आत उभे राहावे, आणि तिने खडूने ओढलेल्या रेघेच्या वर चौकट बसवावी.