एक संप्रेरक, दोन स्वभाव

वासरू कासेला लावले की गाय पान्हा सोडते, हे आपण रोज पाहतो. हा पान्हा आणणारे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. ते मेंदूत तयार होते आणि पियूषग्रंथीतून रक्तात उतरते. पियूषग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली इंग्लंडात दाखविले. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनविले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

पण हेच द्रव्य प्राण्यांच्या सोबतीशीही निगडित असेल, हे कळले ते एका शेतउंदरामुळे! त्याला तिकडे व्होल म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात लोवेल गेट्झ हे इलिनॉयच्या गवताळ रानात पिंजरे लावून व्होल मोजत होते. तोच नर आणि तीच मादी पुनःपुन्हा एकत्र सापडू लागली. ही प्रेअरी व्होलची जात जोडीने घरटे करते आणि नरही पिले सांभाळतो. डोंगराळ भागातला त्याचा भाऊबंद मात्र एकटाच राहतो.

आता असे का व्हावे? संप्रेरक तर दोघांतही तेच. उत्तर सापडले ते संप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहींत. संप्रेरक ही किल्ली मानली, तर ग्राही हे कुलूप. टॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी १९९२ साली दाखविले की, या दोन जातींच्या मेंदूत ही कुलपे वेगवेगळ्या जागी आहेत. किल्ली एकच, पण दारे निराळी!

पुढे नर-मादीचा प्रश्न आला. ऑक्सिटोसिनचे भावंड म्हणावे असे व्हासोप्रेसिन. दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांची, फरक फक्त दोहोंचा. व्हासोप्रेसिन नराला जोडीदाराशी बांधते, हे १९९३ साली दिसले. मादीत ते काम ऑक्सिटोसिन करते, असेही आढळले. २००४ साली तर एकट्या राहणाऱ्या कुरणव्होल नरांच्या मेंदूत व्हासोप्रेसिनचा ग्राही वाढविला, तेव्हा ते जोडीदारणीजवळ राहू लागले.

मग काय, 'बाईचे एक, पुरुषाचे दुसरे' अशी वाटणी लोकांनी करून टाकली. पण नंतरच्या प्रयोगांत दोन्ही संप्रेरकांचा परिणाम नरावरही दिसला आणि मादीवरही. आणि २०२३ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल जन्मास घातले, तर तेही जोडी करून राहिले!

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात हा इतिहास जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. माया एका थेंबात मावत नाही. एका उंदराच्या मेंदूवरून 'बायका अशाच, पुरुष तसेच' असे कोणी म्हणू लागला, तर त्याला हा २०२३ चा प्रयोग ऐकवा. घरात मूल कोणी सांभाळायचे, हे ठरवायला व्होल उपयोगी पडत नाही. ते आपल्यालाच ठरवायचे आहे.